माहिती आणि ओळख
(‘जाणणे’ या क्रियापदाचा शास्त्राभ्यास)

वाचनासाठी शास्त्रभाग: निर्गम १:८, स्तोत्र ४६, आमोस ३:१-२, मत्तय ७:२१-२३, मत्तय २६:६९-७५, योहान १७:१-३, योहान २१:१५-१७

इंग्रजी पवित्र शास्त्र वाचताना ज्या शब्दांसाठी आपण कधीही कोश उघडीत नाही, त्यांत ‘नो’ या क्रियापदाचा क्रम फार वरचा लागेल. नकार दर्शविणारा ‘नो’ नव्हे. ज्याच्या आरंभी ‘के’ हे अक्षर लिहितात पण उच्चारीत नाहीत, तो ‘नो’, म्हणजे जाणणे. शाळकरी मुलालाही तो कळतो. परंतु भाषांतर करणाऱ्याच्या दृष्टीने इतका फसवा शब्द क्वचितच आढळेल.

इंग्रजी बोलणारा मनुष्य प्रश्नाचे उत्तर, स्टेशनाचा रस्ता, शेजारचे गृहस्थ, जर्मन भाषा, पोहण्याची कला आणि आयुष्यातील दुःख ही सर्व एकाच क्रियापदाने ‘जाणतो’. आपण मराठीत असे बोलत नाही. उत्तर आपल्याला ठाऊक असते, रस्ता माहीत असतो, शेजाऱ्याला आपण ओळखतो, जर्मन भाषा आणि पोहणे आपल्याला येते, आणि दुःख आपण भोगलेले असते. जेथे इंग्रजीचे एका शब्दावर भागते, तेथे आपल्याला चार-पाच शब्द लागतात.

हा केवळ व्याकरणाचा विषय असता तर या पानांवर त्याची चर्चा करण्याचे कारण नव्हते. परंतु योहान १७:३ मध्ये प्रभू येशूने आपल्या प्रार्थनेत सार्वकालिक जीवनाची जी व्याख्या केली आहे, ती याच क्रियापदावर उभी आहे. एकाच खऱ्या देवाला व त्याने पाठविलेल्या ख्रिस्ताला जाणणे हेच सार्वकालिक जीवन होय, असे तेथे सांगितले आहे. तर मग हे ‘जाणणे’ कोणते? रस्ता माहीत असण्यासारखे, की शेजाऱ्याची ओळख असण्यासारखे? इंग्रजी वाचकापुढे हा प्रश्न शब्दातून उभा राहत नाही. जर्मन, फ्रेंच व स्पॅनिश भाषांतरकाराला मात्र तो टाळताच येत नाही. यास्तव त्यांनी कोठे कोणता शब्द निवडला हे पाहणे आपल्याला उपयुक्त ठरेल.

१. शब्दांची दोन घराणी

युरोपातील बहुतेक भाषा आणि आपली संस्कृत या एकाच मूळ भाषेच्या शाखा होत. त्या मूळ भाषेत जाणण्याचे दोन निरनिराळे धातू होते आणि दोहोंचे वंशज आजही नांदत आहेत.

पहिल्या धातूचा मूळ अर्थ ‘पाहणे’ असा होता. जे पाहिले ते ठाऊक झाले, या मार्गाने त्याला ‘माहीत असणे’ हा अर्थ आला. संस्कृतातील ‘विद्’ धातू आणि त्यापासून झालेले ‘वेद’ व ‘विद्या’ हे शब्द, ग्रीकमधील ‘ओइदा’, जर्मनमधील ‘विसेन’, डचमधील ‘वेतेन’ आणि पोलिशमधील ‘व्येजेच’ हे सर्व त्या घराण्यातले. दुसऱ्या धातूपासून संस्कृतातील ‘ज्ञा’, ग्रीकमधील ‘गिनोस्को’, लॅटिनमधील ‘कोग्नोस्केरे’ आणि जर्मनमधील ‘केनेन’ हे शब्द झाले. आपले ‘ज्ञान’ आणि ‘जाणणे’ त्याच घराण्यातले. आणि इंग्रजी ‘नो’ही त्याच घराण्यातला. त्याच्या आरंभीचा मूक ‘के’ हा ‘ज्ञा’तील ‘ज्’चा दूरचा भाऊबंद आहे.

जुन्या इंग्रजीतही ही दोन्ही घराणी नांदत होती. १६११ च्या इंग्रजी भाषांतरात ‘वॉट’ आणि ‘विस्ट’ ही पहिल्या घराण्याची रूपे अद्याप दिसतात. मंदिरात सापडलेला बारा वर्षांचा येशू आपल्या मातापित्यांना जो प्रश्न विचारतो (लूक २:४९), तेथे त्या भाषांतरात ‘विस्ट’ हे रूप आहे. पुढे ही रूपे प्रचारातून गेली आणि दोन घराण्यांचा सारा संसार एकट्या ‘नो’वर येऊन पडला.

२. इतर भाषांतील वाटणी

फ्रेंचमध्ये ‘साव्वार’ आणि ‘कोनेत्र’, स्पॅनिशमध्ये ‘साबेर’ आणि ‘कोनोसेर’, इटालियनमध्ये ‘सापेरे’ आणि ‘कोनोशेरे’ अशा जोड्या आहेत. जोडीतील पहिला शब्द गोष्ट माहीत असण्यासाठी आणि दुसरा व्यक्ती, स्थळ किंवा वस्तू परिचयाची असण्यासाठी वापरतात. पहिल्या शब्दाचे मूळ मात्र ‘विद्’च्या घराण्यात नाही; ते लॅटिन ‘सापेरे’ या क्रियापदात आहे, आणि त्याचा अर्थ ‘चव घेणे’ व ‘शहाणे असणे’ असा होता.

पोहता येण्याचा प्रश्न फ्रेंच व स्पॅनिश पहिल्या शब्दानेच सोडवितात. जर्मनमध्ये त्यासाठी ‘क्योनेन’ हे वेगळे क्रियापद आहे. फिनिश भाषा आपल्या मूळ कुटुंबाबाहेरची असूनही तिच्यात वस्तुस्थितीसाठी, परिचयासाठी आणि कौशल्यासाठी अशी तीन क्रियापदे आहेत. उलटपक्षी, रशियन भाषेत वस्तुस्थिती आणि व्यक्ती या दोहोंसाठी बहुधा एकच शब्द चालतो. म्हणजे इंग्रजी अगदीच एकटी नाही.

जर्मनमध्ये ‘विसेन’ व ‘केनेन’ यांच्या जोडीला ‘एर्केनेन’ हे तिसरे क्रियापद आहे. त्यात ओळख पटणे, प्रतीतीस येणे, मान्य करणे अशा छटा आहेत. मार्टिन ल्यूथरने १५२२ साली नवा करार आणि १५३४ साली संपूर्ण शास्त्र जर्मन भाषेत आणले, तेव्हा त्याने या तिसऱ्या क्रियापदाचा फार उपयोग केला.

येथे व्याकरणाचा एक नियम ध्यानात ठेवावा. फ्रेंच ‘कोनेत्र’पुढे नाम येते, ‘अमुक अमुक घडले आहे’ असे वाक्य त्याच्यापुढे जोडता येत नाही. तेथे ‘साव्वार’च घ्यावा लागतो. म्हणून कित्येकदा भाषांतरकाराच्या मतापेक्षा वाक्याची रचनाच शब्द ठरविते.

एक खुलासा आवश्यक आहे. युरोपातील ही भाषांतरे इंग्रजीवरून झालेली नाहीत; ल्यूथर तर १६११ च्या इंग्रजी भाषांतराच्या कितीतरी आधीचा. येथे इंग्रजी शब्द आपण मापासारखा धरला आहे. तो जेथे जेथे येतो तेथे इतरांनी काय लिहिले, हे आपण पाहत आहोत.

३. शास्त्रवचनांत काय दिसते?

(अ) सोपी उदाहरणे

ईयोब १९:२५ मध्ये ईयोब आपला उद्धारक जिवंत असल्याची ग्वाही देतो. ही एका वस्तुस्थितीविषयीची खात्री आहे. म्हणून ल्यूथरने ‘विसेन’, फ्रेंच भाषांतरकार लुई सगों याने ‘साव्वार’ आणि स्पॅनिश रेना-वालेरा भाषांतराने ‘साबेर’ योजला. योहान १७:३ मध्ये मात्र तिन्ही भाषांनी दुसऱ्या बाजूचा शब्द घेतला आहे: जर्मनमध्ये ‘एर्केनेन’, फ्रेंचमध्ये ‘कोनेत्र’, स्पॅनिशमध्ये ‘कोनोसेर’. इंग्रजीत ईयोबाचे जाणणे आणि प्रभूच्या प्रार्थनेतील जाणणे एकाच शब्दाचे आहे. या तीन भाषांत नाही. आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर येथेच हाती लागते. सार्वकालिक जीवन हा माहितीचा साठा नसून तो परिचय आहे.

(आ) योसेफाला न जाणणारा राजा

निर्गम १:८ मध्ये योसेफाला न जाणणारा नवा राजा मिसर देशावर आला. फ्रेंच व स्पॅनिश भाषांतरांत त्याला योसेफाचा परिचय नव्हता असे आहे. ल्यूथरने ‘विसेन’ वापरून त्याला योसेफाविषयी काहीच ठाऊक नव्हते असे लिहिले. फरक लहान दिसतो, पण राजाचे चित्र पालटते. एका वाचनात तो अनभिज्ञ आहे. इतिहास त्याच्या कानी आलेला नाही. दुसऱ्या वाचनात त्याला ऐकून सर्व काही ठाऊकही असेल, पण योसेफाशी आपले काही नाते आहे, त्याचे आपल्या राज्यावर काही ऋण आहे, हे तो मानीत नाही. मूळ इब्री क्रियापद ‘यादा’ दोन्ही अर्थांना वाव देते. पुढे इस्राएलावर झालेला जुलूम पाहता दुसरे वाचन मला अधिक योग्य वाटते.

(इ) शांत राहून जाणणे

स्तोत्र ४६:१० हे वचन अनेकांच्या घरी भिंतीवर असते. (जर्मन व फ्रेंच शास्त्रांत त्याचा क्रमांक ४६:११ आहे.) थांबा आणि देव कोण आहे हे जाणा, असा त्याचा आशय. येथे ल्यूथर ‘एर्केनेन’ लिहितो, स्पॅनिश भाषांतर ‘कोनोसेर’ लिहिते. पण सगोंच्या फ्रेंच भाषांतरात ‘साव्वार’ आहे, कारण पुढे संपूर्ण वाक्य आलेले आहे. फ्रेंच वाचकाला हे वचन जाहीरनाम्यासारखे ऐकू येते: थांबा आणि हे पक्के लक्षात ठेवा. जर्मन वाचकाला ते आवाहनासारखे ऐकू येते: थांबा आणि हे तुमच्या प्रतीतीस येऊ द्या.

यांत चूक कोणाची? कोणाचीच नाही. आधीच्या वचनात देव युद्धे बंद पाडतो, धनुष्य मोडतो. तेव्हा लढणाऱ्या राष्ट्रांना दिलेली ताकीद हा अर्थ तेथे निश्चितच आहे. आणि संकटात आश्रय शोधणाऱ्या भक्ताला दिलेला धीरही आहे. इब्री शब्दात दोन्ही सामावतात. इंग्रजी ‘नो’मध्येही ते सामावतात, हे मान्य केले पाहिजे. अनेकार्थी शब्द प्रत्येक वेळी उणाच असतो असे नाही. कधीकधी तो मुळातील व्यापकपणा अबाधित राखतो आणि निवड वाचकावर सोपवितो.

(ई) निवडलेली प्रजा

आमोस ३:२ मध्ये परमेश्वर इस्राएलास सांगतो की पृथ्वीवरील सर्व कुळांपैकी केवळ तुम्हांलाच मी जाणले. शब्दशः घेतले तर हे चमत्कारिक वाटेल. सर्वज्ञ देवाला इतर राष्ट्रे ठाऊक नव्हती काय? ल्यूथरने ‘एर्केनेन’ व स्पॅनिश भाषांतराने ‘कोनोसेर’ ठेवले. सगोंने मात्र जाणणे हा शब्दच बाजूला सारून ‘निवडणे’ हा शब्द घातला. त्यामुळे अर्थ स्वच्छ झाला. पण उत्पत्ती ४:१ मध्ये आदाम व हव्वा यांच्या वैवाहिक सहवासासाठी वापरलेले तेच इब्री क्रियापद येथे आहे, हा धागा तुटला. परमेश्वर व इस्राएल यांचे नाते पतिपत्नीच्या नात्याइतके निकटचे आहे, ही सूचना ‘निवडणे’ या शब्दात राहत नाही. स्पष्टता मिळवावी तर ध्वनी हरपतो, आणि ध्वनी राखावा तर अर्थ संदिग्ध राहतो. अनुवादकाला हा हिशेब रोज करावा लागतो.

४. पेत्राचा नकार

या विषयावरील सर्वांत बोलके उदाहरण मत्तय २६ मध्ये आहे. महायाजकाच्या वाड्यातील अंगणात पेत्र तीन वेळा नाकारतो. पहिल्या वेळी (वचन ७०) दासी काय बोलते हे आपल्याला ठाऊक नाही असे तो म्हणतो. दुसऱ्या व तिसऱ्या वेळी (वचने ७२ व ७४) तो मनुष्य आपल्या ओळखीचा नाही असे तो शपथेवर सांगतो. इंग्रजीत तिन्ही ठिकाणी ‘नो’ आहे. ग्रीकमध्येही तिन्ही ठिकाणी ‘ओइदा’च आहे.

जर्मन, फ्रेंच व स्पॅनिश या तिन्ही भाषांत मात्र पहिला नकार एका क्रियापदाने होतो आणि पुढचे दोन नकार दुसऱ्याने होतात. पहिल्या वेळी ‘विसेन’, ‘साव्वार’, ‘साबेर’. त्यानंतर ‘केनेन’, ‘कोनेत्र’, ‘कोनोसेर’. ही वाटणी भाषेच्या नियमाने आपोआप झाली. पण तिच्यामुळे पेत्राचे पतन पायरीपायरीने डोळ्यांपुढे येते. पहिल्या पायरीवर तो केवळ विषय टाळतो. बोलण्याचा अर्थच कळला नाही, एवढेच त्याचे सोंग. पुढच्या पायरीवर तो नाते तोडतो. मनुष्य प्रभूला एकदम नाकारीत नाही. आधी तो ‘मला काही माहीत नाही’ असे म्हणतो आणि मग ‘तो माझा कोणी नाही’ येथवर जातो. आपल्या मराठीतही हा भेद सहज दाखविता येतो.

याच पेत्राला पुनरुत्थित प्रभू सरोवराच्या काठी प्रीतीविषयी तीनदा विचारतो. योहान २१:१७ मध्ये पेत्राच्या शेवटच्या उत्तरात जाणण्याची क्रियापदे दोन आहेत. प्रभूला सर्व काही ठाऊक आहे असे म्हणताना ग्रीकमध्ये ‘ओइदा’चे रूप आहे, आणि आपण त्याच्यावर प्रीती करतो हे तो जाणतो असे म्हणताना ‘गिनोस्को’चे रूप आहे. इंग्रजीत दोन्हीकडे ‘नो’, आणि ल्यूथर व सगों यांनीही दोन्हीकडे ‘विसेन’ व ‘साव्वार’च ठेवले. ज्या भाषांपाशी दोन शब्द होते त्यांनाही येथे फरक दाखविता आला नाही. तो दाखविलाच पाहिजे असेही नाही, कारण योहान ही दोन क्रियापदे पुष्कळदा जवळजवळ एकाच अर्थाने वापरतो.

यावरून एक सावधगिरीची सूचना घ्यावी. ‘ओइदा’ म्हणजे माहिती आणि ‘गिनोस्को’ म्हणजे ओळख, अशी सरळ विभागणी काही प्रवचनांत ऐकू येते. ती टिकत नाही. पेत्राने ‘त्या मनुष्याला’ नाकारले ते ‘ओइदा’नेच. मत्तय २५:१२ मध्ये वर पाच मूर्ख कुमारींना आपल्या ओळखीच्या नाहीत म्हणून परत पाठवितो, तेथेही ‘ओइदा’च आहे आणि जर्मनमध्ये ‘केनेन’ आहे. शब्दाच्या वंशावळीवरून त्याचा आजचा अर्थ ठरत नाही. तो शेजारच्या शब्दांवरून आणि प्रसंगावरून ठरतो.

५. प्रभू ज्यांना ओळखत नाही

मत्तय ७:२१-२३ मधील लोक अज्ञानी नाहीत. त्यांनी प्रभूच्या नावाने संदेश दिले, भुते काढली, महत्कृत्ये केली. त्यांना प्रभूचे नाव ठाऊक आहे, आणि त्या नावाचे सामर्थ्यही ठाऊक आहे. तरीही न्यायाच्या दिवशी प्रभू त्यांना सांगेल की आपण त्यांना कधीच जाणले नाही. फ्रेंच व स्पॅनिश भाषांतरांत येथे ‘कोनेत्र’ व ‘कोनोसेर’ आहे. ल्यूथरने ‘एर्केनेन’ लिहिले. १९८४ च्या सुधारित ल्यूथर भाषांतरात ‘केनेन’ आले. ‘विसेन’ किंवा ‘साव्वार’ येथे बसूच शकत नाही. प्रभूपाशी त्यांच्याविषयी माहितीची उणीव नव्हती. त्यांची दुष्कर्मे त्याला पुरेपूर ठाऊक होती. उणीव होती ती नात्याची.

इंग्रजीत हा भेद करावयाचा झाल्यास ‘विषयी’ या अर्थाचे शब्दयोगी अव्यय जोडावे लागते. जे. आय. पॅकर यांनी १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘नोइंग गॉड’ या ग्रंथात देवाविषयी जाणणे आणि देवाला जाणणे यांतील अंतर विस्ताराने मांडले. इंग्रजी वाचकासाठी ते असे समजावून सांगणे अगत्याचेच होते, कारण त्याच्या भाषेत क्रियापद दोन्हीकडे एकच राहते. फ्रेंच वाचकाला त्या अंतराचे अर्धे काम त्याची भाषाच करून देते.

६. आपल्यासाठी बोध

भारतातील कित्येक भाषांत आजही शास्त्राचे भाषांतर किंवा पुनरावलोकन चालू आहे, आणि अनुवादकांच्या टेबलावर इंग्रजी प्रती उघड्या असतात. त्या असाव्यातच. परंतु इंग्रजीने जो प्रश्न विचारलाच नाही त्याचे उत्तर इंग्रजीतून मिळणार नाही. पंडिता रमाबाईंनी मराठी शास्त्र सिद्ध करण्यासाठी उतारवयात इब्री व ग्रीक भाषांचा अभ्यास केला आणि मुळावरून भाषांतर केले. १९२२ साली त्यांचे निधन झाले आणि १९२४ साली ते भाषांतर प्रसिद्ध झाले. मुळापर्यंत जाण्याची ती वाट आजही सोडून चालणार नाही.

ज्यांना इब्री-ग्रीक येत नाही अशा वाचकांनीही निराश होऊ नये. शास्त्र वाचताना ‘जाणणे’ हा शब्द आला की क्षणभर थांबावे आणि त्याच्या जागी आधी ‘माहीत असणे’ व मग ‘ओळख असणे’ ठेवून पाहावे. कोणता शब्द प्रसंगाला शोभतो हे आपली मातृभाषा आपल्याला पुष्कळदा दाखवून देईल. २ तीमथ्य १:१२ घ्या. बंदिवासात असलेला पौल कोणाविषयी इतक्या खात्रीने बोलतो? जर्मन व फ्रेंच भाषांतरांत आपण कोणावर विश्वास ठेवला हे त्याला ठाऊक आहे. ग्रीक रचनेत याहून जवळचा अर्थही बसतो: ज्याच्यावर त्याने विश्वास ठेवला त्याला तो ओळखतो. मरण समोर दिसत असताना मनुष्याला नुसती माहिती तारीत नाही.

आणि शेवटी, या ओळखीचा आरंभ आपल्याकडून होत नाही. गलतीकरांस लिहिताना (गलती ४:९) आता तुम्ही देवाला जाणले असे म्हणता म्हणता पौल स्वतःलाच आवरतो आणि देवाने तुम्हांला जाणले असे म्हणणे अधिक खरे, अशी दुरुस्ती करतो. १ करिंथ १३:१२ मध्येही आपले पूर्ण जाणणे हे आपण पूर्ण जाणले गेल्याच्या मापाने मोजले आहे. या दोन्ही ठिकाणी जर्मन व फ्रेंच भाषांतरे ओळखीचाच शब्द वापरतात. आपली माहिती अपुरी असेल, आणि ती अपुरीच राहील. पण ज्याने आपल्याला ओळखले आहे त्याच्या ओळखीत काही उणे नाही.

चिंतनासाठी प्रश्न

१. योहान १०:१४-१५ वाचा. मेंढपाळ व मेंढरे यांच्यामधील ‘ओळख’ कशासारखी आहे असे प्रभू सांगतो?

२. होशेय ४:६ मध्ये ज्या ज्ञानाचा अभाव सांगितला आहे तो माहितीचा अभाव आहे की ओळखीचा? पुढील-मागील वचने पाहून उत्तर द्या.

३. देवाविषयी आपल्याला ठाऊक असलेल्या पाच गोष्टी लिहा. त्यांपैकी कोणती गोष्ट आपल्या अनुभवास आली आहे?

४. आपल्या मंडळीतील शिक्षणात माहितीवर किती भर असतो आणि ओळख वाढावी म्हणून काय केले जाते, याचा गटात विचार करा.